खिळ्यावरचं टोकन

‘प्रतीक’ ह्या एका शब्दावर मी जवळजवळ तीस वर्षं भाकरी खाल्ली. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायचे. दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर तीन शब्द लिहायचे: प्रतिमा, रूपक, प्रतीक. पहिले दोन कसेबसे पार पडायचे, तिसऱ्यापाशी गाडी अडायची. मुलांना मार्गदर्शकात सगळं तयार मिळत असे. पणती म्हणजे आशा, काटा म्हणजे दुःख, वाट म्हणजे आयुष्य. एकदा एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘सायकल हे दोन चाकांचे प्रतीक आहे.’ मी लाल शाईने भलंमोठं शून्य दिलं आणि वर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ते वाचून दाखवलं. आज वाटतं, त्या पोरीने निदान सायकल तरी नीट बघितली होती.

निवृत्त झाले त्या वर्षी महाविद्यालयाने एक काम गळ्यात घातलं. विद्यार्थ्यांसाठी साहित्यातल्या शब्दांची छोटी पुस्तिका काढायची होती, आणि ‘प’पासून पुढचे शब्द माझ्याकडे आले. बाकीचे शब्द आठवड्याभरात उरकले. ‘प्रतीक’ मात्र चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. माझा स्वभाव मुळात तापट. नवरा म्हणायचा, शब्दकोशाशी भांडणारी बाई मी प्रथमच बघतोय.

तसं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. संस्कृतात ह्या शब्दाचा एक जुना अर्थ आहे: मंत्राचे सुरुवातीचे एकदोन शब्द. भाष्यकार पूर्ण मंत्र लिहीत बसत नसे. पहिले दोन शब्द, म्हणजे मंत्राचं प्रतीक, तेवढं द्यायचा आणि पुढचं जाणत्याने मनात म्हणायचं. पंचवटीत आमच्या घरासमोर राहणारे गुरुजी असंच करायचे. ओट्यावर बसून ते दोन शब्द उच्चारत आणि शिष्यांचा घोळका उरलेला सगळा मंत्र म्हणून टाकी. आधुनिक साहित्यात मात्र प्रतीकाला निराळं काम मिळालं. प्रतिमा एका ओळीत चमकून जाते, प्रतीक पुन्हापुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी जास्तीचं काही घेऊन येतं. वर्तमानपत्रांनी तर त्याचा पार चुथडा केला आहे. तिथे ‘प्रतीकात्मक उपोषण’ म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंतचं उपोषण. हे सगळं मी लिहिलं, आणि वर व्याख्या ठोकली: ‘प्रतीक म्हणजे एका गोष्टीच्या जागी उभी असलेली दुसरी गोष्ट.’ वाक्य घोटीव होतं. मला ते आवडलंही होतं.

त्याच दिवसांत मी वडलांना माझ्या घरी आणायच्या खटपटीत होते. वडलांना आम्ही नाना म्हणतो. नाना ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. पहाटेची शिफ्ट असली की पंचवटीच्या कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची, आणि आई डबा हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून नाना त्या दोन खोल्यांच्या घरात एकटे होते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, भाजीबाजार मात्र रोजचा. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. रडून झालं, रुसून झालं. शेवटी गेल्या दिवाळीनंतर एकदाचे ते म्हणाले, “बरं, येतो. पण मला कुणी सारखं विचारू नका, पाणी देऊ का, चहा देऊ का.” मला एवढा आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी कंबर कसून आवराआवरीला लागले.

घाई माझ्या अंगातच आहे. सकाळी नाना भाजी आणायला गेले होते तेवढ्यात मी स्वयंपाकघर रिकामं करत आणलं. आईची पितळी भांडी माळ्यावर पडून होती. बूड गेलेला बंब, चेपलेल्या घागरी, कान तुटलेली परात. आईच म्हणायची, ही मोड एकदा देऊन टाकायला हवी. जुनं पितळ मोडीत द्यायचं आणि नवं भांडं घ्यायचं, हे आमच्याकडे आईच्या आईपासून चालत आलेलं. मी सगळं पोत्यात भरलं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा होता, त्यावर आईची बाजाराची पिशवी असायची. आता तिथे तारेच्या कडीत ओवलेली एक पितळी चकती लटकत होती. काळी पडलेली, रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडी मोठी, मधे ठोकलेला आकडा. मी तिला ओळखलं. अगदी लहानपणापासूनची ओळख होती. आई कुठे परगावी गेली, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाळंतपणाला, की नाना खिळ्यावर ही चकती लावायचे आणि ती आली की काढायचे. मला ती नानांची एक गंमत वाटायची. शाळेतून आल्यावर चकती दिसली की कळायचं, आज पिठलं-भात.

मनात आलं, हे अजून इथंच का? आई तर आता नाही. पितळच ते. आणि टाकली पोत्यात.

नाना परत आले तेव्हा मी रिक्षात पोतं घालून पूल ओलांडून भांडीबाजारात पोहोचलेही होते. बदल्यात त्यांच्यासाठी पाणी प्यायला तांब्याचा सुरेख तांब्या घेतला. स्वतःवर मी भयंकर खूश होते.

दुपारी चहा झाला. सामान अर्धं बांधून झालेलं, नाना पलंगावर पाय सोडून बसलेले. मी पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, “नाना, ऐका, कसं झालंय सांगा.” नाना सातवी शिकलेले. पण शाळेत असल्यापासून माझा निबंध आधी त्यांनाच ऐकवायची रीत होती. मी ‘प्रतीक’ वाचून दाखवलं. गुरुजींचा दाखला आला तेव्हा ते हसले. व्याख्या ऐकून मात्र त्यांनी मान हलवली.

“जागी उभी नाय राहत गं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आता हे बघ. आम्हाला स्टोअरमधनं हत्यार आणायचं असलं, मायक्रोमीटर म्हण, रीमर म्हण, तर आपलं टोकन द्यावं लागायचं. प्रत्येकाला दहा टोकनं, त्यावर आपला नंबर. स्टोअरकीपर हत्यार काढून द्यायचा आणि त्याच्या हुकावर आपलं टोकन लावायचा. आता ते टोकन काय मायक्रोमीटरच्या जागी उभं राहिलं का? त्यानं माप घेता येतंय का?”

“नाही.”

“मग? टोकन एवढंच सांगतं, की हत्यार हाय. हरवलं नाय. अमक्याकडं हाय, आणि त्याची जबाबदारी या नंबरवाल्याची. तू जे लिहिलं ते प्रतीक म्हणजे टोकनच की. थांब, दाखवतो तुला.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराआड गेले.

मला तेव्हाच कळलं. नाना दाराआडून बाहेर येईनात. मी उठून गेले तर ते खिळ्याकडे बघत उभे होते, आणि बोटाने खिळा चाचपत होते.

“इथलं टोकन?”

“नाना, मी… मोडीत गेलं ते. सकाळी.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते आणि रिकामी झाले असते. ते येऊन पलंगावर बसले. म्हणाले, “तू जा तुझ्या घरी. मी इथंच बरा हाय.”

“आज इथंच राहतो म्हणताय का?”

“आज नाय. कायमचंच. ते खोके सोडून ठेव.”

दोन वर्षांची माझी खटपट एका चकतीपायी पाण्यात गेली होती. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, “अहो, एक पितळेची चकती ती नाना! आई गेल्यावर कशाला लावून ठेवायची?”

“ती दवाखान्यात गेली त्या दिवशी लावलं होतं,” नाना म्हणाले. “ती परत आली नाय. मग काढू कसं?”

मी खाली बसले. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. खाली मान घालून सांगितलं, अडखळत.

“तू सहाएक वर्षांची असशील. मी तुझ्या आईला एक वाईट बोललो होतो. कशावरनं ते आता आठवत बी नाय. म्हणलं, ‘या घरात तुझं हाय काय?’ तिनं खिळ्यावरची पिशवी काढली, तुला घेतलं आणि वणीला माहेरी निघून गेली. मी सेकंड शिफ्टला होतो. दुसऱ्या दिवशी उठलो तर हा खिळा मोकळा. स्टोअरमध्ये हुक मोकळा आणि टोकन नाय, म्हणजे लय वाईट. म्हणजे हत्यार गेलं आणि कुणाला म्हणून ठाऊक नाय. मला काय सुचलं देव जाणे, खिशातलं टोकन काढलं आणि इथं लावलं.”

आई दहाएक दिवसांनी आली. आजोबा तिला सोडायला आले होते, तेवढं मलाही आठवतं. दाराआड पिशवी अडकवायला गेली आणि तिला टोकन दिसलं.

“म्हणाली, ‘हे काय?’ मी सांगितलं, स्टोअरमध्ये असं करतात. कुणाच्या नावावर गेलं ते कळतं. तर कशी बघितली माझ्याकडं! म्हणाली, ‘म्हणजे मी काय वस्तू हाय होय? तुमच्या नावावर?’ मी म्हणलं, ‘तू नाय. चूक. चूक कुणाच्या नावावर हाय, ते लिहिलंय त्याच्यावर.’”

मग नाना म्हणाले, “तिनं ते काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग कधी बी ती गावाला जाताना मला म्हणायची, ‘लावा तुमचं टोकन.’ हसायची.”

आयुष्यभर ह्या माणसाने माफी हा शब्द उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. आईला त्याची गरज पडली नसावी. आणि मी, दरवर्षी ऐंशी मुलांना प्रतीक समजावून सांगणारी, ह्याच दाराआड मापाने तांदूळ काढत मोठी झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलं माझं शिक्षण.

मी तशीच चप्पल घालून निघाले. रिक्षा पुलावर अडकली, तर उतरून चालत भांडीबाजार गाठला. तागडीजवळ तीच बाई बसली होती जिने सकाळी माझं पोतं रिकामं केलं होतं. मी तिला धापा टाकत सांगितलं, एवढी एवढी चकती, मधे आकडा.

“मावशी, दुपारीच टेम्पो आला. सगळी मोड भट्टीकडं गेली,” ती म्हणाली. माझा चेहरा बघून तिने कोपऱ्यातलं उरलेलं पोतं माझ्यासमोर उलटं केलं. मी जमिनीवर बसून एकेक तुकडा बघितला. समईचे पाय निघाले, घंटेचा लोलक निघाला, कुणाच्या तरी बाळकृष्णाचा पाट निघाला. चकती नव्हती. बाई माझ्याशेजारी बसून शोधू लागली होती. शेवटी हात झटकत म्हणाली, “जातंय कुठं मावशी? वितळून कुणाच्या तरी तांब्यात, कुणाच्या तरी समईत येईलच की.”

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. आणि खरं सांगते, क्षणभर माझ्यातली मराठीची बाई सुखावली. काय सुंदर आहे, आईबापाची समजूत घरोघरच्या समईत जाऊन बसली! दुसऱ्या क्षणाला माझी मलाच लाज वाटली. कुणाच्या समईचा नानांना काय उपयोग होता? त्यांचा नंबर त्यांच्या खिळ्यावर नव्हता, एवढीच गोष्ट होती.

परत आले तेव्हा नानांनी स्वतःच दोन खोके सोडले होते. स्टोव्ह जागेवर आला होता, चहाची भांडी फळीवर. मी दारातच सांगितलं, “नाही मिळालं, नाना. भट्टीत गेलं. माझी चूक झाली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

“रिटायर होताना दहाची दहा टोकनं परत करायची होती,” ते म्हणाले. “माझं एक इथं. मग अर्ज लिहिला, टोकन हरवलं म्हणून. उभ्या नोकरीत खोटं लिहिलं ते तेवढंच. तुझी आई मला चिडवायची, आता खरंच हरवेल बघा एक दिवस.”

आणि ते हसले. फार नाही, पण हसले.

“टोकन हरवलं तर काय करायचे?” मी विचारलं.

“अर्ज द्यायचा. नवं येईपर्यंत ती चिठ्ठी हुकावर.”

“मी देते अर्ज.”

“लिही.”

मी माझ्या व्याख्येच्या कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि लिहायला लागले. ‘आपल्या अनुपस्थितीत अनवधानाने…’ नानांनी वाकून पाहिलं. “हे अनवधान कशाला? स्टोअरकीपरला एवढा वेळ नसतो. लिही, माझ्याकडून गेलं. खाली सही.”

‘माझ्याकडून गेलं.’ तीस वर्षं मुलांचं मराठी तपासलं, पण इतकं नेमकं वाक्य मला कुणी लिहून दिलं नव्हतं. मी सही केली. नानांनी पेन घेतलं, सहीखाली स्वतःचा नंबर घातला, कागदाची घडी केली, भोक पाडलं आणि दाराआड जाऊन खिळ्यावर चिठ्ठी अडकवली. मी त्यांच्या मागे उभी होते.

मग ते म्हणाले, “तुझ्याकडं स्वयंपाकघराच्या दाराआड खिळा हाय का?”

“नाही. आमच्या भिंती काँक्रीटच्या, साधा खिळा बसत नाही. ड्रिल लागतं.”

“माझ्याकडं हाय ड्रिल,” नाना म्हणाले. “आधी चहा टाक.”

तीन दिवसांनी ते माझ्याकडे आले. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घालून आणली होती. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला स्टुलावर चढवलं, भोक पाडून घेतलं आणि खिळा बसवला. चिठ्ठी तिथे गेली. नवऱ्याने काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले.

पुस्तिका छापून आली. ‘प्रतीक’ची घोटीव व्याख्या मी काढून टाकली होती. गुरुजींचे दोन शब्द आणि मागून येणारा मंत्र तसाच ठेवला, कारण तो खरा होता. खाली एवढंच लिहिलं: ‘प्रतीक मूळ गोष्टीची जागा घेत नाही. ती गोष्ट आहे, आत्ता इथे नाही, आणि तिच्याशी कुणाचं तरी नाव बांधलेलं आहे, एवढं ते सांगतं. ते कुणाचं नाव, हे कळेपर्यंत त्याचा अर्थ लावायची घाई करू नये.’ शेवटचं वाक्य मुलांसाठी नव्हतंच. संपादकांनी विचारलं, संदर्भ कुठला? मी म्हटलं, हत्यारांचं स्टोअर. त्यांना वाटलं मी नेहमीसारखी खेकसले.

गेल्या महिन्यात मुलीकडे पुण्याला दोन दिवस गेले होते. नानांना सोडून जायची ती पहिलीच वेळ. निघताना मी चार वेळा सूचना दिल्या आणि पाचव्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. परत आले ती दुपारी. नाना पेपर मांडीवर घेऊन डुलक्या घेत होते. मी पिशवी ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड पाहिलं तर खिळ्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. एक माझी, जुनी. तिच्यावर दुसरी, कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची गोल कापलेली चकती, मधे भोक. त्यावर निळ्या पेनाने त्यांचा नंबर.

मी मग ती पुठ्ठ्याची चकती काढली, बाहेर आले आणि नानांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, आई टाकायची तशी. त्यांनी डोळे उघडले.

“आलीस?” ते म्हणाले. “मग चहा टाक.”

मी चहा टाकला. खालची चिठ्ठी माझ्या सहीची, पण आईसाठी लावलेली होती. ती तशीच राहू दिली.